आमची वाटचाल : वाईची केबल आणि २०१९चा फेब्रुवारी

वाईत आम्ही १९९४ साली केबल टाकली. दाजींच्या गच्चीवर बारा फुटी जाळीची छत्री, खालच्या खोलीत मॉड्युलेटरचा (छत्रीवरचं चित्र वायरवर चढवणाऱ्या यंत्रांचा) रॅक आणि गणपती आळीपासून धर्मपुरीपर्यंत कौलांवरून, झाडांवरून ओढलेली वायर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे वायरमन. भांडवल त्यांचं, शिडी माझी. पुढची वीस-बावीस वर्षं धंदा नीट चालला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. डिजिटल केबलच्या डब्यांचा (सेट-टॉप बॉक्सचा) सरकारी सक्तीचा तिसरा टप्पा आला, मुदती सरकत सरकत २०१७ उजाडलं, तेही निभावलं. लिहायचं आहे ते २०१९बद्दल. त्या वर्षी आम्ही बुडणार असं गावात उघड बोललं जात होतं, आणि बोलणारे आजही बाजारात आमच्या दुकानासमोरून जातात.

ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा दर-आदेश सगळ्यांना आठवत असेल. तोवर महिन्याचा एक आकडा ठरलेला, तो दिला की सगळे चॅनल. २०१९च्या त्या आदेशाने १०० चॅनलपर्यंत १३० रुपये नेटवर्कचे, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्या शंभरात दूरदर्शनचे सक्तीचे आले. एचडी चॅनल घेतला की तो दोनाच्या जागी धरायचा. पैशाचे चॅनल वेगळे, आणि स्टार प्लस, झी टीव्ही, सोनी, कलर्स हे चारही १९ रुपयांना, कारण पॅकमध्ये घालायच्या चॅनलला तेवढीच कमाल मर्यादा होती. आधी २९ डिसेंबर २०१८ म्हणाले, मग ३१ जानेवारीपर्यंत मुदत दिली. घरोघरी यादी भरून घ्यायचं काम मात्र केबलवाल्याच्या गळ्यात.

आम्हाला चॅनलचा सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीकडून (नाव घेत नाही, आजही त्यांचंच फीड आहे) छापील पॅक आले आणि तोंडी निरोप आला : सगळ्यांना हाच मारा. पॅक तीनशेच्या पुढचा. दाजींनी कागद बघितला, घडी करून गल्ल्याखाली ठेवला आणि लाल बांधणीची खतावणी काढली. म्हणाले, "घरात बसून विचारल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही."

विचारायची त्यांची पद्धत मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. "कोणते चॅनल हवेत?" असं विचारलं की माणूस "सगळे" म्हणतो. म्हणून दाजी विचारायचे, सकाळी चहाला काय लावता? संध्याकाळी दिवाबत्तीनंतर रिमोट कुणाच्या हातात असतो? सुट्टीला नातवंडं आली की काय बघतात? उत्तरं पेन्सिलीने खतावणीत जायची, माणसागणिक एक ओळ. मग पैशाच्या चॅनलवर गोल, फुकटच्या चॅनलवर टिंब. मराठी बातम्यांचे बरेचसे चॅनल फुकटच्या यादीत होते, हे ऐकूनच निम्म्या घरांचा जीव भांड्यात पडायचा. बहुतेक ठिकाणी गोल तीन-चारच्या वर जातच नव्हते.

गंगापुरीतले आमचे एक गुरुजी, निवृत्त शिक्षक, पहिल्या दिवसापासूनचे ग्राहक. त्यांचा हिशेब एक क्रिकेटचा चॅनल आणि बाईंच्या मालिकांचा एक, दोन्ही १९चे. जीएसटीसकट महिन्याला १९८ रुपये २४ पैसे. हा आकडा बघितल्यावर गुरुजी दुपारचे स्वतःहून दुकानात येऊन बसू लागले. म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म सुवाच्य अक्षरात भरून द्यायचे, आणि सही घेण्याआधी प्रत्येक चॅनल मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या बाकड्यावर बसून त्यांनी आमची जी अब्रू राखली, तिची परतफेड आमच्याकडून होणार नाही.

आता आम्ही बुडणार म्हणणाऱ्यांतल्या एकाबद्दल. बसस्टँडकडे डिशचं दुकान टाकलेला एक गृहस्थ, नाव सगळ्यांना माहीत आहे, लिहिण्याची गरज नाही. त्याने जानेवारीत रिक्षावर भोंगा लावला : "एक फेब्रुवारीपासून केबल बंद, आजच डिश घ्या." केबल बंद होणार असं आदेशात कुठेही नव्हतं. दर तर डिशलाही तोच लागू होता, हे त्याने एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. मधल्या आळीत बघता बघता ओळीने छत्र्या लागल्या. छत्री लावताना त्याची पोरं आमची वायर पक्कडीने कापून पन्हळीत टाकून जायची. तुझा धंदा तू कर, त्याला कोण अडवतंय? पण दुसऱ्याच्या वायरला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला नियम शिडी धरणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. तो गुरुजींकडेही गेला, पहिले सहा महिने फुकट देतो म्हणाला. गुरुजी म्हणाले, "डिश फुकट देशील रे, पण चित्र गेलं तर मी कुणाच्या दारात उभा राहू ते सांग."

आम्ही त्याच जानेवारीत प्रत्येक घराचे सांधे तपासले. डब्याचं चित्र जुन्या टीव्हीसारखं मुंग्या दाखवून सावध करत नाही. सिग्नल पडला की थेट चौकोन पडतात, आणि मग लोक नव्या नियमाला शिव्या देतात. दाजींचा डीबी मीटर, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायचं यंत्र, कातडी पिशवीतला, कोपरे झिजलेले, पण आकडा चोख. डब्यापाशी साठच्या आसपास हवा. कमी आला की आधी एफ कनेक्टर, म्हणजे वायरच्या टोकाची डब्यात बसणारी पिन, बघायचा. पिळून बसवलेले जुने कनेक्टर काढून आम्ही क्रिम्पचे, म्हणजे पकडीने दाबून बसवायचे, घातले. तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हवी, वायरच्या बाहेरच्या जाळीचा एक धागाही तिला टेकता कामा नये. आणि वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळेल, डब्यात जाणार नाही. हे आजच्या फायबरवाल्या पोरांनाही मी सांगतो.

एवढं करूनही एक फेब्रुवारीला वरचं संगणकाचं गाडं कोलमडलं. आम्ही भरलेल्या याद्या चढल्याच नाहीत, घरोघर नुसते फुकटचे चॅनल दिसू लागले. रात्री दुकानासमोर गर्दी. त्यातच कंपनीने पैसे आगाऊ कापायला सुरुवात केली : घरातून वसुली होण्याआधी आमच्या खात्यातून रक्कम वजा. आमचा वाटा किती? तेव्हाच्या नियमाने आपसात करार नसेल तर १३० रुपयांतले ५५ टक्के वरच्या कंपनीला, ४५ टक्के आम्हाला, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे. पोरांचे पगार, अ‍ॅम्प्लिफायरची वीज, माकडांनी कुरतडलेली वायर, सगळं त्यात. खातं रिकामं झालं तर सगळं गाव एकदम काळं. बहिणीने पाटल्या काढून दिल्या, दाजींनी त्या पतसंस्थेत ठेवल्या आणि खातं भरलं. आमची फर्म त्या पाटल्यांवर उभी आहे, हे मी कुणासमोरही सांगतो. १२ फेब्रुवारीला ट्रायने मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली. ज्यांनी निवड कळवली नव्हती त्यांच्यासाठी बसेल तसा पॅक लावायचा असं ठरलं. आमच्याकडे खतावणी होती. आम्ही एकेक नोंद बघून पुन्हा याद्या चढवल्या.

जोर-जांभळीच्या खोऱ्यात आमची वायर जात नाही, तिथे दूरदर्शनची फुकटची फ्री डिश. १ मार्चला झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते हे चॅनल तिथून निघून गेले, आणि छत्री हलली असं समजून लोक पत्र्यावर चढू लागले. त्या गृहस्थाची पोरं तिथे छत्री 'फिरवून' देण्याचे पैसे घेऊन आली! आम्ही वाडीवाडीत जाऊन सांगितलं, दूरदर्शन दिसतंय ना, मग छत्री ९३.५ अंशावरच्या उपग्रहाकडेच आहे, तोंड आग्नेयेलाच आहे, नटाला हात लावू नका. त्याचा एक पैसा घेतला नाही.

पावसाळ्यापर्यंत पाटल्या सुटल्या. मधल्या आळीतली बरीच घरं दिवाळीआधी परत आली. त्यांना डबा आम्ही जुन्याच अनामतीवर दिला, नव्या वायरचे पैसे मात्र घेतले. काही जण त्यावरून अजून नाराज आहेत. वायर कापली त्याने, तेव्हा पैसे मागायला त्यांनी त्याच्याकडे जावं.