रेकॉर्डी संगणकावर उतरवताना: ७८च्या गठ्ठ्याला हात घातला

मंडळी, ईपी आणि एलपी या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, रेकॉर्डींचं काम आटोपलं. आता ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्डी सुरू केल्या आहेत आणि खरी कसोटी इथेच आहे. एलपीचं तसं सोपं असतं. धुवायची, लावायची, वीसेक मिनिटं वाजू द्यायची आणि मग दोन गाण्यांमधल्या शांत जागा बघून तुकडे पाडायचे. शास्त्रीय संगीताच्या आपल्याकडच्या एचएमव्ही एलपींवर क्रमांकाआधी ईएएलपी असेल तर मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ, एवढं बघितलं की झालं. ७८ची दहा इंची तबकडी मात्र जेमतेम सव्वातीन मिनिटांच्या गाण्यासाठी अख्खी संध्याकाळ घेते. मला ती द्यायला आवडते. बालगंधर्वांनी किंवा हिराबाई बडोदेकरांनी आलाप, ताना आणि शेवटची तिहाई एवढ्याशा वेळात कशी बसवली आहे हे ऐकताना घड्याळाकडे लक्षच जात नाही.

आधी धुलाई. जुन्या बाजारातून आणलेल्या बऱ्याच रेकॉर्डींवर पांढरट बुरशी होती. आपल्या दमट हवेत कागदी पाकिटात वर्षानुवर्षं पडून राहिल्या की दुसरं काय होणार! ही बुरशी खाचेत बसते आणि गाण्याखाली सतत चुरचुरत राहते. डिस्टिल्ड पाणी, त्यात फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब आणि मऊ ब्रश, एवढ्यावर भागतं. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. आणि स्पिरिट, आयसोप्रोपिल वगैरे ७८च्या जवळपासही आणायचं नाही. या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. व्हिनाइलला चालतं म्हणून इथे चालेल असं समजू नका. धुतलेली रेकॉर्ड पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालायची नाही, नाहीतर बुरशी परत येते.

सुईच्या बाबतीत तडजोड नको. एलपीची सुई इंचाच्या ०.७ हजारांश असते, ७८ला साधारण ३ हजारांश लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, साठलेल्या धुळीत घासत जाते. आवाजाची नक्षी असते ती खाचेच्या दोन्ही भिंतींवर. माझ्याकडे २.८ आणि ३.३ अशा दोन सुया आहेत. पूर्वी फोनोच्या जड साउंडबॉक्सखाली (पिन धरणाऱ्या डबीखाली) लोखंडी पिनेने भिंतींचा एक पट्टा झिजवलेला असतो. जाड सुई त्याच्या वरून, न झिजलेल्या जागेवरून जाते. मास्टर दीनानाथांच्या एका पदात २.८ने वरच्या षड्जाला आवाज फाटत होता. ३.३ लावली आणि तीच जागा स्वच्छ लागली.

गाणं मोनो असलं तरी दोन्ही चॅनल घेतो, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर. कधी डावी भिंत शाबूत असते, कधी उजवी. दोन्ही सारख्या असतील तर त्यांची बेरीज करायची, म्हणजे सुईच्या वरखाली हलण्याने येणारी खरखर बरीचशी आपोआप जाते. पातळी अशी ठेवतो की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत राहील. टर्नटेबलची अर्थिंगची वायर प्री-अँपला (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि गुणगुण थांबली.

आता वेगाबद्दल. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. लेबलवर ७८ छापलंय म्हणून ती ७८वरच मुद्रित झाली असेल असं नाही. मायक्रोफोन येण्याआधीच्या, भोंग्यासमोर गाण्याच्या काळातल्या रेकॉर्डी तर सर्रास मागेपुढे असतात. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे, त्यामुळे वेग तपासायची ७७ पट्ट्यांची स्ट्रोबची चकती तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटखाली स्थिर दिसली तर वेग ७७.९२ भरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झवर ९२ पट्ट्यांनी ७८.२६ येतो. एवढा फरक कानाला कळत नाही. पण ७४वर मुद्रित झालेली तबकडी ७८वर वाजवली तर जवळजवळ अर्धा सूर वर चढतो. गायिका पेटीच्या काळी एकमध्ये गायलेली असेल तर आपण ती पांढरी दोनमध्ये ऐकतो. आवाज चिरका वाटतो, ताना धावल्यासारख्या होतात आणि आपण म्हणतो, जुने लोक असंच गायचे. ते असं गात नव्हते हो!

साथीला पेटी असेल तर ट्यूनर लावून बघता येतं, पण तिचा स्वर आजच्या प्रमाणाप्रमाणे काटेकोर ४४० हर्ट्झला बसवण्याचा हट्ट नको, कारण त्या वेळच्या पेट्या तशा लावलेल्या असतीलच असं नाही. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मुद्रणाचा क्रमांक) जास्त उपयोगी पडतो. लागोपाठच्या क्रमांकांची दोन पदं बहुधा एकाच बैठकीतली असतात. दोन्हींची पेटी एका सुरात आली की अंदाजाला आधार मिळतो.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या क्लिक रिमूव्हलबद्दल, म्हणजे टिका आपोआप काढणाऱ्या सोयीबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलंय. मी तो अख्ख्या गाण्यावर चालवत नाही. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून बघा. ओरखड्याची टिक म्हणजे एक उंच, टोकदार काटा, पुढेमागे काही नाही. तबल्याच्या चाटीवरचा (काठावरचा) ‘ना’ सुरुवातीला अगदी तसाच दिसतो, फक्त त्याच्या मागे आसेची (मागे राहणाऱ्या गुंजनाची) लहरत जाणारी शेपटी असते. सॉफ्टवेअरला ती शेपटी कळत नाही. ते काटा छाटतं आणि ठेका कापसात गुंडाळल्यासारखा वाजतो. म्हणून टिका एकेक करून हाताने काढतो, त्याही फक्त कानाला टोचणाऱ्या. खरखर कमी करणारं नॉइज रिडक्शन तर आणखी घातक आहे. तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझणती गुंज) आणि लाखेची खरखर एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की एक काढताना दुसरी जातेच. थोडी खरखर राहिलेली मला चालते. जवारी गेलेली चालत नाही.

म्हणूनच मूळ उतरवलेली फाइल मी कधीच बदलत नाही. ती फ्लॅकमध्ये (आवाजाचा काहीही तपशील न गमावणाऱ्या फाइल प्रकारात), वेगळ्या फोल्डरात, दोन हार्ड डिस्कवर ठेवलेली असते. नावात गायक, पदाचा मुखडा, रेकॉर्ड क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, सुई आणि वेग एवढं सगळं असतं. साफसफाई करायची ती तिच्या प्रतीवर. उद्या यापेक्षा चांगली साधनं आली तर परत मुळापासून करता येईल.

आता भोंग्याच्या काळातल्या रेकॉर्डींचा खण उघडायचा आहे. त्यांत खर्ज मुळातच फारसा पकडलेला नसतो, त्यामुळे बेस वाढवला तर फक्त टर्नटेबलची घरघर वाढते. त्या मी सपाट, म्हणजे बेस-ट्रेबल न बदलता, उतरवणार आहे. तुमच्यापैकी कुणी अशा रेकॉर्डींवर ३.३पेक्षा जाड सुई वापरली असेल तर कितीची, आणि आर्मवर किती ग्रॅम वजन ठेवलंत, ते जरूर सांगा. मी सध्या ४ ग्रॅमवर आहे.