जवसाचा शर्ट

पहिलं लिनन शिवायला नेलं तेव्हा शिंप्याने कापड दोन बोटांत चोळलं आणि परत माझ्याच हातात दिलं. "आधी रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, मग आणा. नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडेल आणि तुम्ही माझ्या नावाने ओरडाल." मी निमूट भिजवलं. हे कापड जवसाचं असतं, ही बातमीही त्यानेच दिली. माझा विश्वास बसेना.

आमच्या भंडाऱ्याकडे जवस म्हणजे चटणी. भाताच्या उभ्या पिकात तो नुसता फेकून द्यायचा. भात निघाला की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर हा आपला वाढतो. फुलं निळी, आणि तीही सकाळपुरती. दुपारी बांधावर गेलात तर पाकळ्या खाली पडलेल्या. कृष्णाच्या रंगाला स्तोत्रात अतसीपुष्पाची उपमा आहे, ती अतसी म्हणजे हीच आपली अळशी. तिच्या धाग्याच्या वस्त्राला संस्कृतात 'क्षौम' असा झकास शब्द आहे, आणि आपण मात्र लिननला तागाचं कापड म्हणून मोकळे होतो.

अर्थात चटणीचा जवस बुटका, फांद्या फुटलेला. कापडाचा त्याचा भाऊ कमरेएवढा उंच, सडसडीत. फ्रान्सच्या नॉर्मंडीत आणि बेल्जियमच्या दमट, गार हवेत वाढणारा. त्याला कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळतो. मग शेतातच आडवा पसरून आठवडेच्या आठवडे दवात कुजवतात. आपल्याकडे अंबाडी डबक्यात कुजवून वाख काढतात, तोच प्रकार.

दुकानदार '६० ली' म्हणाला तेव्हा मी समजल्यासारखी मान हलवली होती. नंतर हिशोब केला. एक ली म्हणजे पौंडाला ३०० यार्ड सूत. म्हणजे ६० लीच्या अर्धा किलोहून कमी सुताचं टोक नागपुरात धरलं, तर दुसरं कामठीला पोचावं! एवढं बारीक असूनही मध्येमध्ये गाठाळ, जाडसर धागा लागतोच. तो दोष नव्हे. मला तर तेवढ्यासाठीच ते कापड आवडतं.

मे महिन्यात त्याची खरी किंमत कळते. घाम पितं, पण अंगाला चिकटत नाही, आणि चटकन वाळतं. ओलं असताना ते कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतं, त्यामुळे धुण्याला घाबरत नाही. उलट दर धुण्यागणिक मऊ होत जातं. फक्त ब्लीच दाखवू नये. आणि वर्षभर एकाच घडीवर कपाटात ठेवू नये, धागा त्या रेघेवर तुटतो.

राहता राहिल्या सुरकुत्या. धागा ताठ, लवचीकपणा जवळजवळ नाहीच; एकदा मुडपला की मुडपला. आमचा इस्त्रीवाला लिनन दिसलं की दोन शर्टांचे पैसे सांगतो. मी आता घरीच, अर्धवट ओलं असताना, कडक गरम इस्त्री फिरवतो. ऑफिसला पोचेपर्यंत पुन्हा जैसे थे. अळशीचा शर्ट आळशीच दिसणार.

परवा गावी जेवताना चटणीवर आईने कच्चं जवसाचं तेल सोडलं आणि पहिल्याच घासाला एक थेंब खिशाखाली पडला. हे तेल हवेत वाळून घट्ट बसतं, म्हणून तर तैलचित्रांचे रंग त्यात कालवतात. आणि ती चित्रं काढतात तो कॅनव्हासही पुष्कळदा लिननचाच. आमच्याकडे चित्र नको होतं. मी ताट सोडून साबण शोधत पळालो.

"त्याचंच तेल त्याले लागलं," आई म्हणाली, "तू कायले रडतो? बस, भाकर थंडी होते."