सव्वाशे ग्रॅमचा प्रश्न

पाइप ओढणाऱ्या माणसाला त्याची आवडती तंबाखू कोणती, असे सहसा विचारू नये. विचारायचेच असेल तर संध्याकाळ मोकळी ठेवून विचारावे. सिगारेट ओढणारा छापाचे नाव सांगून मोकळा होतो, पण पाइपवाला आधी पान कुठल्या देशाचे, ते उन्हात वाळवले की धुरावर, कापले कसे आणि डबीत मुरले किती वर्षे, हे सारे सांगून झाल्याशिवाय नावापर्यंत पोहोचत नाही. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतला माझ्या मामांचा बंगला अजून पुनर्विकासाला गेलेला नाही, आणि त्याच्या व्हरांड्यात शनिवारी संध्याकाळी असे तिघे जमतात: स्वतः मामा, लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नल आणि रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. मी ओढत नाही. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा पाइपवाल्यांचा लाडका समज खोटा आहे. तोंडाचा कर्करोग त्यानेही होतो आणि हे त्या तिघांनाही पक्के ठाऊक आहे. मी तेथे जातो तो केवळ वाद ऐकायला.

वादाचा पाया व्हर्जिनिया. हे पान बंद कोठीत गरम हवेवर वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकते आणि चव गोडसर, गवताच्या वळणाची राहते. मात्र घाईघाईने झुरके घेतले की तीच साखर जीभ पोळवते. आपल्याकडे आंध्रात हे पान भरपूर पिकते, पण ते बहुतेक सिगारेटींच्या वाट्याला जाते. बर्ले सावलीत, हवेशीर छपराखाली वाळते, त्यात साखर जवळजवळ उरत नाही आणि बाहेरून घातलेला कोणताही सुगंध ते चटकन शोषून घेते. येथपर्यंत तिघांचे एकमत असते. पुढे लटाकिया येते आणि खुर्च्या सरकू लागतात. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या बंदराचे नाव लावणारी ही तंबाखू आता मुख्यतः सायप्रसमधून येते. उन्हात वाळलेली पाने बंद खोलीत टांगून खाली लाकडांचा आणि सुगंधी झुडपांचा धूर दीर्घकाळ करत ठेवतात, तेव्हा ती काळी पडतात. कर्नलसाहेबांना ती नसलेले मिश्रण म्हणजे तंबाखूच वाटत नाही. प्राध्यापकांचा ओढा पेरीककडे. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या सेंट जेम्स पॅरिश या चिमुकल्या भागात पाने ओली करून लाकडी पिंपांत स्क्रूच्या दाबाखाली भरतात, मधूनमधून पिंप उघडून पाने उलटीपालटी करतात, पुन्हा दाबतात, आणि वर्षभराच्या आंबण्यानंतर जी काळीभोर, मिऱ्याच्या तिखटाची आणि सुक्या अंजिराच्या आंबटगोडाची तंबाखू हाती येते, ती व्हर्जिनियात अगदी थोडी मिसळतात. प्राध्यापक हे सांगताना ‘हवेविना किण्वन’ हा शब्दप्रयोग इतक्या प्रेमाने करतात की पाइप विझला आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

या शास्त्रार्थात एक पक्ष मात्र नेहमी गैरहजर राहतो, तो म्हणजे पाइप न ओढणाऱ्यांचा. ओढणाऱ्याच्या जिभेला जे लागते ते आणि खोलीतल्या इतरांच्या नाकाला जे पोहोचते ते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा एक जितकी उत्तम तितकी दुसरी असह्य असते. कर्नलसाहेबांनी पहिल्यांदा येथे लटाकिया पेटवली तेव्हा मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या होत्या, “अहो, बंबात ओली लाकडं कुणी घातली?” ओढणाऱ्याआधी भोवतालच्यांनी मत देण्याची ही रीत तशी जुनीच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल दूत असद बेग विजापूरहून, म्हणजे आपल्या दख्खनेतूनच, तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन अकबराच्या दरबारी गेला, तेव्हा बादशहाने दोनचार झुरके घेताच वैद्यांनी हरकत घेतली होती. मामी त्या वैद्यांच्याच परंपरेतल्या. त्यांच्या हरकतीपुढे मामांनी फार पूर्वीच मान तुकवली आणि ते कॅव्हेंडिशकडे वळले. यात पान गोडव्यात भिजवून, वाफवून, दाबून काळसर करतात आणि वर व्हॅनिला किंवा चेरीचा वास चढवतात. जाणकार अशा सुगंधी मिश्रणांना नाक मुरडतात. ओढणाऱ्याला त्यात जिभेवर फारसे काही लागत नाही हे खरेही आहे. तरीही मला हा तुच्छतेचा सूर पटत नाही. ज्या तंबाखूत निम्मा विचार शेजारी बसलेल्याचा केलेला असतो ती हलकी कशी? धूर तो धूरच, हे मान्य; पण मामींनी व्हरांड्याचे दार उघडे ठेवू दिले ते केवळ या व्हॅनिलामुळे.

मिश्रणाची आवड मुळात किती खासगी बाब होती, हे लंडनच्या आल्फ्रेड डनहिलच्या दुकानावरून कळते. १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर त्याने दुकान काढले आणि गिऱ्हाइकागणिक पाने मिसळून देऊन ते प्रमाण ‘माय मिक्स्चर’ या वहीत क्रमांकानिशी नोंदवायला सुरुवात केली. पुण्यात काही घरे अजून चहावाल्याकडे जाऊन अमुक भाग ममरी आणि तमुक भाग डस्ट असे आपले ठरलेले प्रमाण सांगतात, तसाच हा प्रकार. पुढे ‘माय मिक्स्चर ९६५’ सर्वांसाठी डब्यांत भरून विकले जाऊ लागले आणि तेच कर्नलसाहेबांचे आराध्यदैवत. २०१८ मध्ये डनहिलच्या नावाने येणारी पाइपची तंबाखू बंद झाली आणि त्यानंतर ती मिश्रणे पीटरसन या पाइप करणाऱ्या कंपनीच्या नावाने येऊ लागली. कर्नलसाहेबांच्या मते नव्या डबीत जुना जीव नाही. त्यावर प्राध्यापकांनी आत जाऊन जुन्या आणि नव्या डबीतून एकेक पाइप भरून आणला व ओळखायला सांगितले. कर्नलसाहेबांनी दोन्ही ओढून डावीकडचा जुना असे ठामपणे जाहीर केले. प्राध्यापकांनी उत्तर आजतागायत सांगितलेले नाही. लटाकिया वर्षांगणिक मवाळ होत जाते, तेव्हा ही तुलनाच शास्त्रशुद्ध नव्हती, एवढेच ते म्हणतात. कर्नलसाहेबही पुन्हा विचारत नाहीत.

माझे स्वतःचे लक्ष मात्र चवीपेक्षा तयारीकडे अधिक असते. प्राध्यापकांची फ्लेक म्हणजे दाबून वडी केलेल्या तंबाखूचे पातळ काप. ते दोन काप काढतात, तळहातावर अंगठ्याने हलकेच चोळून सुटे करतात आणि वर्तमानपत्रावर पसरतात, कारण ताज्या डबीतली तंबाखू ओलसर असते आणि तशीच भरली तर पाइप गुरगुरतो. एप्रिलमध्ये पुण्याच्या हवेत ती बघता बघता कुरकुरीत होते, मग तिला ओलाव्याची गरज पडते. जुलैत मात्र संध्याकाळभर पसरून ठेवली तरी ती ओली ती ओलीच, आणि त्या महिन्यात व्हर्जिनियाची निंदा सर्वांत जास्त ऐकू येते. पावसाचे माप तंबाखूच्या पदरात घालणे हे काही बरोबर नाही, पण तसे सांगण्याचा अधिकार न ओढणाऱ्याला कोण देणार?

आवडीनिवडी कितीही सूक्ष्म असल्या तरी शेवटचा निर्णय सीमाशुल्क खात्याचा असतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला करमुक्त तंबाखू आणता येते ती १२५ ग्रॅम, आणि डबी असते पन्नास ग्रॅमची. म्हणजे सरळ हिशेबाने दोन डब्या आणि माणसे तीन. दिवाळीला मँचेस्टरहून मामेबहीण येणार आहे. एक डबी कॅव्हेंडिशची, हे मामींनी फोनवर परस्पर सांगून टाकले आहे. दुसरी ९६५ ची, यावर कर्नलसाहेब ज्येष्ठतेच्या आधारे अडून बसले होते. गेल्या शनिवारी प्राध्यापकांनी शांतपणे उरलेल्या पंचवीस ग्रॅमचा मुद्दा काढला: इंग्लंडात काही दुकाने बरणीतून सुटी तंबाखू तोलून देतात, तेव्हा पेरीक घातलेली फ्लेक तेवढीच तोलून आणावी. बहिणीला तसा निरोप गेला असून, तराजूची पावती सोबत ठेवण्याची सूचना कर्नलसाहेबांनी केली आहे.