दूध, गॅस आणि पिच्चर

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला अडकवलेलं कालनिर्णय ३१ डिसेंबरच्या रात्री उतरवायचं काम माझ्याकडं असतं. नवं आठवडाभर आधीच आणून फ्रिजवर ठेवलेलं असतं, पण जुनं उतरल्याशिवाय त्याची सुरळी सोडायची नाही, असा आईचा दंडक आहे. जुनं उतरलं की लगेच तिच्या ताब्यात द्यायचं, कारण त्या पानांचं तिला पुढं काम असतं. मधल्या दहा मिनिटांत मी उभ्या उभ्या वर्ष वाचून घेतो.

आमच्या कालनिर्णयावर तिघं लिहितात. बायको दुधाचं लिहिते, 'अर्धा जादा', 'आज नको'. आई नवा गॅस कधी लावला ते लिहिते. नुसतं 'गॅस', पुढं एक अक्षर नाही. आणि मी पिच्चर लिहितो. फक्त नाव. आवडला तर खाली एक रेघ, जीव लागला तर दोन. वेब सिरीज असेल तर ज्या रात्री संपली त्या चौकटीत. चौकट एवढीशी, त्यात तिथी, नक्षत्र आणि दूध आधीच बसलेलं, त्यामुळं समीक्षेला जागा उरत नाही. हे बरंच आहे.

मला सिनेमातलं कळतं असा माझा समज आहे. यात थोडा दोष गावाचा. कोल्हापूरकर पिच्चरवर बोलायला लागला की तिसऱ्या वाक्याला बाबूराव पेंटर येतात, पाचव्याला प्रभात फिल्म कंपनी, आणि प्रभात १९३३ साली पुण्याला गेली हे तो असं सांगतो, जसं काय परवाच गल्लीतनं टेम्पो भरून सामान गेलं. 'व्हीनस कॉर्नरला उतर' म्हणून फोनवर सांगणाऱ्या पोरानं व्हीनसला एकही पिच्चर बघितलेला नसतो, पण पत्ता टॉकीजचाच सांगणार. अशा गावात वाढलेल्या माणसाला आपण जाणकार आहोत असं वाटायला वेगळी शिकवणी लागत नाही.

तर २०२५ चं मोजलं. थेटरात १९.

फेब्रुवारीच्या १६ तारखेला 'छावा'. खाली रेघ नाही, पण त्याचं कारण वेगळं. मी तो अख्खा बघितलेलाच नाही. आईला घेऊन गेलो होतो. पिच्चर हिंदी असला तरी ज्या कादंबरीवरनं घेतलाय ती आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाची, असं सांगून तिला तयार केलं. थेटरात जयजयकार, शिट्ट्या, पुढच्या रांगेत डोक्यापेक्षा मोठा फेटा बांधलेलं एक पोरगं. आईनं लढाया डोळे मोठ्ठे करून बघितल्या. महाराज संगमेश्वरात सापडले, तशी ती पिशवी उचलून उठली.

"आई, अजून अर्धा तास हाय."

"मला ठाव हाय पुढं काय झालं ते. पैसं देऊन कशाला बघायचं?"

बाहेर पायऱ्यांवर बसून तिनं, थेटरात न्यायला बंदी असलेले आणि तरीही तिनं नेलेले, भाजके शेंगदाणे काढले. भिंतीपलीकडनं आरोळ्या येत होत्या, मग हळूहळू लोकांचे हुंदके यायला लागले. आम्ही दोघं टरफलं एका कागदात गोळा करत बसलो. पिच्चर सुटल्यावर लाल डोळ्यांची माणसं आमच्या अंगावरनं खाली उतरली, आणि आई त्यांच्याकडं 'सांगितलं होतं की' अशा नजरेनं बघत राहिली.

मार्चमध्ये दोन रेघा आहेत, 'ॲडोलेसन्स'ला. इंग्लंडमधल्या एका तेरा वर्षांच्या पोराला वर्गातल्या मुलीच्या खुनाबद्दल पहाटे घरात घुसून पोलीस उचलतात, तिथनं सुरू होतं. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कुठंही न कापता एका दमात घेतलेला. तिसऱ्यात तर एक खोली, एक पोरगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली एक बाई, एवढंच जवळजवळ तासभर. माझा पोरगा तेराचा आहे. रात्री साडेबाराला सिरीज संपवून त्याच्या खोलीत गेलो आणि उगाच पांघरूण नीट केलं. त्यानं डोळे न उघडता विचारलं, "पप्पा, वायफाय बंद करायला आलाय का?"

१ मे ला दोन मराठी पिच्चर एकदम लागले. 'गुलकंद' हसत बघितला, आणि ते हसू पार्किंगपर्यंत पुरलं. 'आता थांबायचं नाय!' मात्र घरापर्यंत आला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात, ही त्याची गोष्ट, आणि ती खऱ्या घटनेवरनं घेतलेली. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव म्हटल्यावर आपण हसायच्या तयारीनं जातो. ती तयारी निम्मीच कामाला आली. माझं दहावीचं गुणपत्रक मी बायकोला अजून दाखवलेलं नाही, हे इथंच सांगून टाकतो. दोन रेघा.

सप्टेंबरात 'दशावतार', सावंतवाडीच्या मित्राबरोबर. हा माणूस पंधरा वर्षं कोल्हापुरात आहे, तांबडा रस्सा आमच्यापेक्षा जास्त पितो, पण पडद्यावर मालवणी आली की त्याचा परीक्षक होतो. पहिल्या वीस मिनिटांत तीनदा "असा नाय म्हणत आमच्यात" झालं. मग दिलीप प्रभावळकरांनी त्याला गप्प केलं. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस अंगावर एवढी सोंगं चढवतो आणि प्रत्येक सोंगाच्या आत तोच थकलेला म्हातारा दिसत राहतो. मध्यंतरात मित्र चहालाही उठला नाही. बाहेर आल्यावर त्यानं गावाकडं फोन लावला आणि पिच्चरबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "औंदा जत्रा कधी आसा?" दोन रेघा मारल्या, पण त्या त्याच्या नावानं.

त्याच महिन्यात कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा 'साबर बोंडं' गाठला. रोहन कानवडेंचा. सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आलेला हा मराठी पिच्चर. वडील वारल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला मुंबईहून गावी आलेला एक मुलगा आणि त्याचा जुना मित्र, त्यांच्यातलं प्रेम. इतका निवांत चालतो की मागं कुणी खोकलं तर त्याचंही नाव कलाकारांत घालावं लागेल. मला फार आवडला. रात्री उशिरा घरी पोचलो तर आईनं दारातच विचारलं, "काय बघितलंस?" आता एवढ्या रात्री सगळं कुठं सांगत बसायचं, म्हणून म्हटलं, "गावाकडचा हाय, सुतकातला."

"मग आत यायच्या आधी अंघोळ कर."

असं वाचत, उलटंसुलटं, ऑगस्टच्या पानावर आलो. १६ तारीख, गोपाळकाला. त्या चौकटीत दूध नव्हतं, पिच्चर नव्हता. आईचं अक्षर होतं, आणि 'गॅस' नव्हतं लिहिलेलं. लिहिलं होतं, 'पूर्णा आजी गेल्या'.

आमच्यात कोण पूर्णा आजी नाहीत. 'ठरलं तर मग' मालिकेत आहेत. ते काम करणाऱ्या ज्योती चांदेकर त्या दिवशी पुण्यात वारल्या. आईला नट कुठला आणि पात्र कुठलं हे कळत नाही असं नाही, चांगलं कळतं. पण ज्या बाईला आपण रोज रात्री बघतो तिला तिच्या घरच्या नावानं ओळखायचं कारण काय, असा तिचा हिशेब. पुढं त्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्या. दोन दिवस आईनं त्यांना जरा लांबनंच बघितलं. तिसऱ्या दिवशी जाहिरातीत म्हणाली, "बाई कामाला चांगली हाय." 'गांधी'मध्ये कस्तुरबा झालेल्या बाईंना आमच्या घरातनं एवढी पावती मिळाली.

त्या चौकटीनं मला अडचणीत आणलं. कारण ही मालिका माझ्या अक्षरात वर्षभरात कुठंही नाही. मी मालिका बघत नाही. असं मी सगळीकडं सांगतो. मी फक्त तिथं बसतो. सकाळचा पेपर रात्री वाचायचा राहिलेला असतो, तो उभा धरून बसतो. आता पेपराच्या वरच्या कडेवरनं टीव्ही दिसतो, याला माझा नाइलाज आहे. अर्जुन वकिलीत चुकतोय हे मी पेपरामागनं मोठ्यानं बोललेलो आहे, एकदा नव्हे.

म्हणून हिशेब मांडला. अर्धा तास, आठवड्यातले सहा दिवस धरले तर तीन तास. वर्षाचे १५६. त्यातनं लग्नं, सर्दी-खोकला, पुण्याच्या फेऱ्या वजा केल्या तरी १२० च्या खाली येत नाही. इकडं १९ पिच्चर, अडीच तासांनी साडेसत्तेचाळीस. त्यातनं 'छावा'चा अर्धा तास वजा. सत्तेचाळीस. म्हणजे ज्याला रेघा मारल्या त्याला सत्तेचाळीस तास, आणि जे बघितलंच नाही त्याला एकशेवीस.

तशी टीव्हीवर माझी सत्ता कधीच नव्हती. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकरांनी पैसे घातले म्हणून. या गावात पडद्याच्या चाव्या पहिल्यापासनं बाईच्या हातात आहेत, आमचं रिमोट त्याच परंपरेतलं. 'तुझ्यात जीव रंगला' जोरात होती तेव्हा आई गल्लीतल्या बायका जमवून वसगडेला राणादाचा वाडा बघून आली होती. आल्यावर अहवाल दिला, "टीव्हीत मोठा दिसतोय. पण कट्टा खरा हाय."

तर यंदा सगळ्यात भारी काय बघितलं असं कुणी विचारलं तर माझं खरं उत्तर जूनमधल्या एका रात्रीचं आहे, आणि त्या रात्री मी काहीच बघितलेलं नाही. पाऊस धरून बसला होता. आठच्या सुमाराला लाइट गेली. मालिकेत आदल्या दिवशी नेमकं दारावर कुणीतरी टकटक करून भाग संपवलेला. आईनं पाच मिनिटं वाट बघितली, मग अंधारातच गडहिंग्लजच्या मावशीला फोन लावला.

"तुमच्यात लाइट हाय?"

"हाय की आक्का."

"मग टीव्ही लाव आणि सांग."

फोन स्पीकरवर टाकून पितळेच्या वाटीत उभा केला, म्हणजे आवाज घुमतो. माझ्या मोबाइलची बॅटरी छताकडं तोंड करून लावली. वायफाय गेल्यामुळं पोरगा बाहेर आला, पोळ्या अर्ध्यात ठेवून बायको आली, आणि चौघं वाटीभोवती बसलो.

"सायली आली बघ दारात," मावशी सुरू झाली. "हिरवी साडी नेसलीया. धाकटीच्या लग्नात आपण निपाणीत बघितली होती का न्हाई, तसली. आठशेला सांगत होता..."

"साडी ऱ्हाऊ दे. पुढं?"

"पुढं काय, बोलंना झालीया. नुसती बघाय लागलीया. आता अर्जुनला दाखवलं. आता आजीला. आता परत हिला. थांब, म्युझिक वाजाय लागलं." आणि मावशीनं स्वतःच्या तोंडानं ढँढँण केलं, तीनदा, कारण पडद्यावर तीनदा दाखवलं होतं. पोरगा उशीत तोंड खुपसून हसत होता. जाहिराती लागल्या तर त्याही तिनं सांगितल्या, साबणाची कुठली, तेलाची कुठली. मधेच तिच्या घरात कुणीतरी जेवायला मागितलं, त्याला "आज वाढून घे" म्हणून ती परत दारातल्या सायलीवर आली. एका दमात, कुठंही न कापता. मी पेपर घेतलेला नव्हता, अंधारात घेऊन तरी काय करणार. "आता माझं ऐकशील तर आक्का, तिनं बोलून मोकळं व्हाय पायजे," असं मावशी म्हणाली तेव्हा मी "बरोबर हाय" म्हणालो. बायकोनं माझ्याकडं बघितलं असावं. अंधार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागला. साडी पिवळी होती. आजी त्या प्रसंगात नव्हत्याच. टकटक करणारा माणूस कुरिअरवाला होता. आईनं शेवटपर्यंत बघितलं आणि टीव्ही बंद करत म्हणाली, "कालचं बरं होतं."

जूनच्या पानावर ती रात्र शोधली. तारखेच्या चौकटीत माझं काही नाही. त्या दिवशी नेमका नवा सिलिंडर लावला होता, म्हणून आईचं 'गॅस' तेवढं आहे. पेन हातात होतंच. 'गॅस'खाली दोन रेघा मारल्या.

तोवर आई कात्री घेऊन आली. वर्षाची पानं सुटी करून ती फडताळात अंथरते, वरच्या खणात चहा-साखर, मधल्यात डाळी, खाली पापडांचे डबे. तिनं माझ्या हातातनं जून ओढून घेतला.

"आता कशाला रेघोट्या मारतोस," म्हणाली, "तूरडाळीखाली जाणार हाय ते."