घाणेरीच्या पोटातला पेरू

बंद घराच्या परसावर पहिला हक्क सांगते ती घाणेरी. 1809 साली तिला शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत आणली म्हणे. पुढं गावोगाव पोचवायला बुलबुल होतेच. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या जुन्या घरामागं तिचंच राज्य, आणि तिच्या पोटात पेरू, डाळिंब, मोसंबी आणि कुंपणाची करवंद जीव धरून बसलेली. ‘मेलीत ती सगळी, जेसीबी लाव, फरशी घालून घे,’ असं सांगणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. पण नखानं साल खरवडून बघावी. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. या तपासणीला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुतेक ती कुणी करत नाही.

कोयता मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावानं चालवावा लागतो. पेरू निबर. त्याला फळ येतं नव्या फुटीवर, त्यामुळं वाळक्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या खुशाल छाटाव्यात. तो रागवत नाही, उलट फुटतो. डाळिंबाचं तसं नाही. ते फळ धरतं जुन्या लाकडावरच्या आखूड काड्यांवर. शेंडे सरसकट भादरले तर वर्षभर नुसता पाला बघत बसायचं. बुडातले फुटवे काढून तीन-चार खोडं ठेवली की त्याला पुरतं.

सगळ्यात लबाड मोसंबी. वर सगळा वाळका सांगाडा आणि बुडातून मात्र तरतरीत, लांब काट्यांची फूट. बघणारा हुरळतो. पण कलमाच्या सांध्याखालून आलेली ती फूट मोसंबीची नव्हेच, ज्या खुंटावर कलम बांधलं त्या जंबेरी लिंबाची. सांध्याच्या वर एखादा डोळा हिरवा असेल तरच पुढं आशा.

हे सगळं मृगाआधी उरकलेलं बरं. आपला पाऊस जांबोटी-खानापूरएवढा नसला तरी लागला की थांबत नाही, आणि ओल्या कापावर बुरशी बसते. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं आणि ती निळी पेस्ट कापांवर फासायची. झाडं काही दिवस रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसतात.

करवंदीला हात लावला की आधी काटा, मग चीक. त्यातून ती कुंपणाची, म्हणजे सीमेवरची. आणि सीमेवर कोयता चालवायचा तर बेळगावात आधी पलीकडं विचारावं लागतं. पलीकडच्या कानडी अज्जी लगेच बाहेर आल्या.

“ते कापू नको रे. मे महिन्यात पोरं खातात की.”

मी वाळलेलं तेवढंच काढलं. दुसऱ्या दिवशी अज्जींनीच हाक मारली. त्यांच्या अंगणात ऊन यायला लागलं होतं आणि मिरच्या वाळत घातलेल्या होत्या.

“अजून थोडं काप की इकडचं.”

“आणि करवंदं, अज्जी?”

“ते खानापूरच्या बायका आणतात की बाजारात!”