नाडी ५८

दम्याचा झटका आलेल्या माणसाची नाडी पळत असते, ११०, १२०. श्वासनळ्या उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलची वाफ दिली की आणखी थोडी वाढतेच. त्या सोमवारी दोनदा नेब्युलायझर लावूनही आजींची नाडी ५८ होती.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात सून आणि नातू त्यांना रिक्षातून घेऊन आले होते. वय सत्तरीच्या पुढे. दमा जुना, पण बरीच वर्षं आटोक्यात. खाटेच्या कडेवर दोन्ही हात रोवून पुढे वाकून बसल्या होत्या. दोन शब्दांपुढे तिसरा निघत नव्हता. ऑक्सिजन लावला, स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, अर्धा तास गेला, तरी छातीतली घरघर तशीच.

मनगट सोडून मी पुन्हा धरलं. ५८च.

अ‍ॅड्रेनलिन पेशींवरच्या ज्या जागांवर बसतं, त्यांतलेच बीटा रिसेप्टर. हृदयावर प्रामुख्याने बीटा-१, श्वासनळीच्या स्नायूवर बीटा-२. साल्ब्युटामॉल बीटा-२वर बसलं की स्नायू सैल पडतो. इथे नळ्या उघडत नव्हत्या आणि हृदयही संथ. म्हणजे दोन्हीकडच्या जागा कुणीतरी आधीच अडवल्या होत्या. बीटा ब्लॉकर! बीपीसाठी देतात ते. पण बीपीच्या गोळीची पट्टी पाहिली तर अ‍ॅम्लोडिपिन. त्याचा इथे संबंध नाही.

"दुसरं काही औषध?"

"न्हाई," सून म्हणाली.

"डोळ्यात काही घालता का?"

"त्ये थेंब व्हय? त्ये डोळ्याचं हाय, डॉक्टर. औषध न्हाई."

काचबिंदूसाठी दहा दिवसांपूर्वी सुरू झाले होते. नातू मोटारसायकलवर घरी पळाला. त्याची वाट न बघता मी नेब्युलायझरमध्ये इप्राट्रोपियम घातलं. ते बीटाच्या वाटेला जातच नाही. श्वासनळी आवळणारा मस्कॅरिनिक रिसेप्टर ते बंद करतं. बाटली आली: टिमोलॉल, ०.५ टक्के. बीटा ब्लॉकरच.

एका थेंबात औषध किती, तर पाव मिलिग्रॅमच्या आतबाहेर. पण डोळ्यातला थेंब अश्रूनलिकेतून नाकात उतरतो आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातो. गिळलेल्या गोळीचा बराच भाग यकृत वाटेतच निकामी करतं. इथे ते वाटेत येतच नाही. शिवाय टिमोलॉलची पकड साल्ब्युटामॉलपेक्षा कितीतरी घट्ट. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे, काचबिंदूत ज्याचा दाब वाढतो ते) तयार करणाऱ्या पेशींवरही बहुतांशी बीटा-२च असतात. तिथे जी अडवणूक हवी, तीच श्वासनळीत घात करते.

औषधशास्त्रज्ञ अल्क्विस्टने १९४८मध्ये अल्फा आणि बीटा हे रिसेप्टर वेगळे काढले, १९६७मध्ये बीटाचे दोन प्रकार ठरले. पुढे २००७ आणि २००८मध्ये बीटा-२ आणि बीटा-१ यांच्या स्फटिकरचना हाती आल्या, तेव्हा औषध जिथे रुततं ती खोबण दोघांत जवळजवळ सारखीच निघाली. टिमोलॉल या दोघांत फरक करत नाही. बेटॅक्सोलॉलसारखे रेणू बीटा-१कडे झुकतात, पण पूर्ण निवड त्यांनाही जमत नाही. विद्यार्थी असताना मी हे तक्त्यात पाठ केलं होतं. त्या सकाळी ते माझ्या बोटांखाली होतं.

पाऊण तासाने आजी म्हणाल्या, "पाणी दे गं मला थोडं." अख्खं वाक्य. सुनेने तोंडाला पदर लावला.

थेंब देणाऱ्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललो. दम्याचं त्यांनी विचारलं नव्हतं, आजींनी सांगितलं नव्हतं. आणि पाचच दिवसांपूर्वी पंप लिहून देताना मी डोळ्यांचं विचारलं नव्हतं, हे मला आजही बोचतं. त्यांनी थेंब बदलून लॅटॅनोप्रोस्ट दिलं. त्याचा रिसेप्टर वेगळ्याच कुळातला.

थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात फारसं उतरत नाही, हे मी आजींना शिकवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते माझ्यासमोर करून दाखवलं. डोळे मिटलेले, एका हाताचं बोट कोपऱ्यावर, दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठ्याने मोजणी. मोजून होईपर्यंत मी थांबलो आणि मग त्यांचं मनगट धरलं. ८४.