पांढरी रेघ

गाडीतून उतरतानाच त्या गृहस्थांचा चेहरा सांगत होता की हे भांडणाची तयारी करून आलेत. माझ्याशी नव्हे, ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याशी. पिकअप सेकंडहँड होती, घेऊन दोनच महिने झाले होते आणि चाकांमागचा रंग जागोजागी गेला होता.

"चारही चाकांना मडफ्लॅप आहेत, तरी रंग उडतोय. म्हणजे रंगच निकृष्ट ना? खालचा भाग रंगवून द्या आणि रंग खराब होता असं दोन ओळी लिहूनही द्या."

मी बरीच वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतो, सोबत फ्लॅप, फुटबोर्ड वगैरे बसवायचं कामही असतं. लिहून देण्याची मागणी आली की मी आधी रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायचं यंत्र काढतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर म्हणजे रंगाखालचा थर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा थर असतो. दाराच्या वरच्या भागावर 122 आलं, मधे 118. रंग व्यवस्थित होता. दाराच्या तळाशी मात्र बारीक बारीक टवके उडालेले. कडा धारदार, आत राखाडी प्रायमर, दोन ठिकाणी थेट पत्रा. हे खडीचं काम. अशी जखम पाहिली की निदान पाच सेकंदांत होतं.

पण पुढच्या चाकाच्या कमानीवर, फ्लॅपच्या काठाला लागून, एक वेगळीच गोष्ट होती. बोटभर रुंद, चंद्रकोरीसारखा पट्टा. तिथे टवका एकही नव्हता. चमक गेलेली, हात फिरवला तर गुळगुळीत, जणू कुणी निवांत बसून पॉलिश पेपर घासलाय. यंत्र 47 दाखवत होतं आणि अगदी काठावर 9. खडी असं काम करत नाही. खडी टोचते, घासत नाही.

फ्लॅप काढायला स्क्रूड्रायव्हर लावला आणि हात थांबला. स्क्रूच्या डोक्यावरून फ्लॅपवर उतरलेली पांढऱ्या रंगाची बारीक रेघ. स्क्रू आवळला की ही रेघ ओढायची माझी सवय आहे. पुढे कधी स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. सगळ्या रेघा जुळलेल्या होत्या. म्हणजे काम पक्कं झालं होतं, आणि ते काम माझं होतं. वही उघडली. आधीच्या मालकाने गाडी आणली होती, टायर तेव्हा मूळचे होते.

फ्लॅप सुटला तसा मागून वाळलेल्या चिखलाचा गठ्ठा पडला, खाली फुटला आणि त्यातून बारीक वाळू निघाली. मग सगळं लख्ख दिसलं. मी तेव्हा टणक प्लॅस्टिकचा फ्लॅप रंगलेल्या पत्र्याला घट्ट टेकवून बसवला होता. घट्ट म्हणजे चांगलं, अशी माझी समजूत. पण फ्लॅप वाऱ्याने आणि धक्क्यांनी सतत थोडा थोडा हलतो. मधल्या फटीत चिखल शिरतो, वाळतो, आणि तोच फ्लॅप वाळूचा हात धरून रंग खात बसतो. वर ओल तिथेच अडकते, त्यामुळे पत्रा उघडा पडला की गंज लागायला उशीर लागत नाही.

आता दोन ओळी काय लिहून देऊ? पाच मिनिटं मी उगाचच हात पुसत उभा होतो. कबूल करतो, "जुना फ्लॅप घासलाय" इतकंच म्हणून मोकळं व्हायचा विचार मनात येऊन गेला. कुणी बसवला हे त्यांना कुठे माहीत होतं?

"साहेब, रंग चांगला आहे," मी म्हणालो. "कमानीवरचं नुकसान मीच बसवलेल्या फ्लॅपने केलंय. ते मी माझ्या खर्चाने करून देतो. दारावरचे टवके मात्र टायरमुळे."

ते आधी हसले, गंमत करतोय असं वाटून. मग रेघ दाखवली.

टायरचं दाखवणं सोपं होतं. सरळ लाकडी पट्टी टायरच्या बाहेरच्या बाजूला उभी धरली. फ्लॅपचा काठ तिच्या तीन सेंटीमीटर आत. नंतर कुणीतरी रुंद टायर चढवले होते आणि फ्लॅप जुनेच राहिले. तीन सेंटीमीटर रबर उघडं खडी फेकत होतं. पुढचं चाक नेमकं दाराच्या तळावर आणि मागच्या कमानीच्या काठावर मारा करतं, तेच झालं होतं.

नवे फ्लॅप निवडताना या वेळी मी घाई केली नाही. दोरी घेतली. एक टोक टायर जमिनीला टेकतो तिथे दाबलं, फ्लॅपचा खालचा काठ जिथे येणार तिथून दोरी नेली आणि मागे ताणली. दोरी पत्र्याला जिथे भिडते तिथपर्यंतचा, चाकाकडचा भाग झाकलेला, त्याच्या मागचा उघडा. फ्लॅप टायरच्या जितका जवळ, तितका तो खाली यावा लागतो. फार खाली आणला तर रिव्हर्स घेताना दगडावर चढतो आणि स्क्रूसकट पत्रा ओढतो. पहिला जो पसंत होता तो इथेच बाद झाला. दुसरा दोरीत बसला, पण स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर त्याला घासत होता. हौद्यात वाळूच्या गोण्या टाकून पाहिलं, कारण रिकामी पिकअप आणि भरलेली पिकअप या उंचीच्या हिशेबाने दोन वेगळ्या गाड्या असतात. मागच्या बाजूला सायलेन्सरचं तोंड फ्लॅपच्या किती जवळ येतं तेही बघितलं.

शेवटी लवचीक रबराचे, टायरपेक्षा थोडे रुंद फ्लॅप ठरले. रबर दिसायला प्लॅस्टिकइतकं देखणं नाही, मालकांनीही तोंड वाकडं केलं. नवं भोक एकही पाडलं नाही, मूळच्या छिद्रांवरच काम भागलं. कमान रंगवून सुकल्यावर फ्लॅप टेकणार तिथे पारदर्शक फिल्म चिकटवली आणि स्पेसर घालून मधे फट ठेवली, पाणी मारलं तर आरपार जाईल एवढी.

मग दाराच्या तळाला मास्किंग टेप लावली आणि ओल्या खडीवरून गाडी फिरवून आणली. टेपवर मागच्या टोकाला चार डाग होते. चारही डागांभोवती मी पेनने गोल काढले. फ्लॅप दोन सेंटीमीटर खाली घेतला, टेप बदलली, पुन्हा फेरी मारली. या वेळी एक डाग.

"हा एक?" त्यांनी विचारलं.

"तो राहणार," मी म्हणालो, आणि स्क्रूंवर रेघा ओढायला ब्रश उचलला.